स्माइल प्लीज, मण्यार!

वीकएन्डचा प्लॅन विचारला की पुण्यातल्या आपल्या वयाच्या मंडळींची उत्तरं ठरलेली असतात. मल्टिप्लेक्स, मॉल, सिंहगडावरचं पिठलं-भाकरी, नाहीतर सरळ दुपारपर्यंत झोप. या यादीत आज मी एक भर घालणार आहे. कात्रजचं सर्पोद्यान. हसू नका! तुमच्यापैकी बरेच जण तिथे शेवटचे गेले असतील ते चौथी-पाचवीच्या ट्रिपला. दोघादोघांची रांग, पाठीवर दप्तर, डब्यात पुरी-भाजी आणि बाईंचा आवाज, 'काचेला हात लावायचा नाही!' त्या ट्रिपमधलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा आणि आता पुन्हा जा. कॅमेरा घेऊन जा. कॅमेरा नसेल तर मोबाइलही चालेल.

मी मागच्या उन्हाळ्यात सलग तीन रविवार गेले. आजवर बरेच चेहरे शूट केलेत, अगदी पेज थ्रीवालेसुद्धा. पण तीन-तीन रविवार ताटकळत ठेवणारा मॉडेल पहिल्यांदाच भेटला. त्याचं नाव मण्यार.

ताईची ऑर्डर

आता तुम्ही विचाराल, हे खूळ डोक्यात आलं कुठून? तर गोंदियातून.

मी मूळची तिकडची. पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'म्हणजे नागपूरच ना?' नाही हो. नागपूरच्या पुढे भंडारा आणि त्याच्याही पुढे, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशला टेकलेला गोंदिया. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस अख्खा महाराष्ट्र आडवा कापत जिथे थांबते ते स्टेशन. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा धानाचा. नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प २०१३ मध्ये झाला, त्यामुळे जंगल सफारीवाल्यांना आता आमचं नाव थोडंफार ठाऊक असतं. पण सफारीवाल्यांच्या जीपला जो प्राणी दिसत नाही आणि आमच्या बायकांना बांधीत, धुऱ्यावर, तणसाच्या ढिगात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वर्षभर दिसत असतो, तो म्हणजे साप.

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. एप्रिलमध्ये तिचा फोन आला.

"तू फोटो काढून राहिली नं मासिकांसाठी?"

"हो."

"मग एकदा कामाचे काढ. मले साप पाहिजेत."

शाळेच्या व्हरांड्यात तिला सापांच्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं होतं. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटाला आणि त्याच सुमारास धानाच्या रोवणीची गडबड सुरू होते. त्याआधी मुलांनी, आणि मुलांच्या निमित्ताने आयांनी, फोटो बघावेत असा तिचा हिशेब. मी म्हटलं, अगं, नेटवर सापांचे ढीगभर फोटो आहेत, तेच प्रिंट कर. तर म्हणाली, "नेटवरचे सगळे फणा काढलेले नाही तं तोंड वासलेले. आमच्याकडे साप असा पोझ देऊन बसते का? मले पूर्ण पाठ पाहिजे, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आणि केवढा हाये ते समजलं पाहिजे."

एवढं नेमकं ब्रीफ मला आजवर कुठल्याच एडिटरने दिलेलं नाही.

जिवंत सापाचा खेळ नको

मी उगाच विचारलं, गारुडी किंवा सर्पमित्र बोलावून खरेखुरेच साप दाखवले तर? ताईने झटकून टाकलं. तिचं बरोबर होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार साप हा वन्यप्राणी आहे. तो पकडून, टोपलीत घालून, गर्दीपुढे नाचवता येत नाही. सांगलीजवळच्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी जिवंत नागांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती मिरवणूक थांबली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने शैक्षणिक कारणासाठी मोजके नाग पकडायला परवानगी दिली, पण खेळ आणि मिरवणूक यांना नाही.

कायद्याचं राहू दे बाजूला. हातात नाग धरलेला माणूस समोर उभा असला की आपण बघतो कोणाकडे? त्या माणसाकडे. टाळ्या वाजतात त्याच्या धाडसाला. मुलं घरी जाताना काय शिकून जातात, तर शेपटी धरून साप कसा उचलायचा. हल्ली तर रील्सच्या नादात हे धाडस गल्लोगल्ली पोचलंय आणि त्यात जीव गेल्याच्या बातम्याही आपण वाचतो.

यावर पुणेकर एक नाव घेतील, नीलमकुमार खैरे. १९८० मध्ये पुण्यात ते ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटवायचं म्हणून. अख्खं पुणं बघायला लोटलं होतं म्हणतात. पण मला त्यांच्या पुढच्या कामाचं जास्त कौतुक वाटतं. १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकारातून कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुढे १९९९ मध्ये तिथेच महापालिकेचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं. आता माणूस काचेच्या बाहेर, साप आत आणि मध्ये टाळ्या घेणारं कुणी नाही. बघायचा तो फक्त साप. ताईला नेमकं हेच हवं होतं.

काचेच्या अलीकडे

पहिल्या रविवारी पहिली गोष्ट कळली. काचेमागचा साप काढायला गेलात तर आधी स्वतःचाच फोटो निघतो! माझा त्या दिवशीचा टॉप पांढराशुभ्र होता. प्रत्येक फ्रेममध्ये नागाच्या अंगावर एक पांढरं भूत. दुसऱ्या रविवारी काळा टी-शर्ट घालून गेले, तर निम्मं भूत गायब. उरलेल्या निम्म्यासाठी उपाय सोपा आहे. लेन्सला रबरी हूड लावायचं आणि ते काचेला अलगद टेकवायचं. मोबाइल असेल तर तोही असाच काचेला टेकवून धरायचा, म्हणजे मध्ये उजेड शिरत नाही. फ्लॅश बंद म्हणजे बंद. एक तर तो काचेवर आपटून परत येतो आणि दुसरं म्हणजे सापाला पापण्याच नसतात. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, कायमचा बसवलेला. डोळे मिटून घ्यायची सोय त्या बिचाऱ्याला नाही.

हा खवला मला कॅमेऱ्यातूनच पहिल्यांदा नीट दिसला. एका धामणीचे डोळे निळसर, दुधी झाले होते. मला वाटलं मोतीबिंदू! साफसफाई करणारे काका हसले आणि म्हणाले, "कात टाकायला आलीय. पुढच्या आठवड्यात बघा, नवीकोरी दिसेल." खरंच, पुढच्या रविवारी डोळे काळेभोर, अंगावर पॉलिश केल्यासारखी चमक.

आजूबाजूला काय चाललेलं असतं? टकटक. दर दोन मिनिटांनी कुणीतरी काचेवर बोटांनी वाजवतं, 'ए उठ ना!' सापाला बाहेरचे कान नसतात, पण कंपनं त्याला चांगली जाणवतात. दिवसभर तुमच्या क्युबिकलवर कुणी असं वाजवत बसलं तर? तसंच आहे ते.

नाग, घोणस आणि धामण पहिल्या दोन रविवारांत झाले. घोणस तर आदर्श मॉडेल. पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे गोल-लांबट ठिपके, तीन सरळ ओळींत, आणि तासन्‌तास हलायचं नाव नाही. चिडली की मात्र कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. काचेतून आवाज आला नाही, पण अंग फुगून उतरताना दिसत होतं. मगरी उघड्या खंदकात निवांत पडल्या होत्या, त्यांचे फोटो मी माझ्या हौसेखातर काढले. ताईच्या यादीत मगर नव्हती.

यादीत सगळ्यात वर होता मण्यार. आणि मण्यार काही तोंड दाखवेना.

रात्रपाळीचा प्राणी

मण्यार निशाचर आहे. रात्री शिकारीला निघतो आणि दिवसा वेटोळं करून, डोकं त्या वेटोळ्याखाली खुपसून पडून राहतो. बीपीओतल्या नाइट शिफ्टवाल्या मित्राला सकाळी अकराला उठवून बघा, सेम टु सेम. दोन रविवार मी त्या काचेसमोर उभी होते. मला दिसली ती फक्त एक काळी-निळी चकचकीत गुंडाळी, मध्ये पांढऱ्या रेघा.

तिसऱ्या रविवारी गेट उघडल्याबरोबर आत शिरले. काकांनी नुकतंच पाण्याचं भांडं बदललं होतं आणि त्या गडबडीने मण्यार उलगडून भिंतीकडेने सरकत होता. जेमतेम चार मिनिटं. मी वरून, पाठीवर फोकस ठेवून, जेवढे मिळाले तेवढे काढले. मग काकांना विचारलं, "हे भांडं केवढं आहे?" ते म्हणाले, "वीतभर. नऊ इंच." बस्स! भांड्यावरून हिशेब केला, मण्यार साधारण तीन फुटी. ताईच्या 'केवढा हाये'चं उत्तर मिळालं.

घरी येऊन फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि मग कळलं, ताई पाठीसाठी एवढी का अडून बसली होती. मण्यारच्या पाठीच्या मधोमध षटकोनी खवल्यांची एक ओळ असते, बाकीच्यांपेक्षा मोठी. पांढऱ्या रेघा बारीक, बहुतेक जोडीजोडीने, आणि त्या मानेपासून नाही, जरा मागून सुरू होऊन शेपटीकडे स्पष्ट होत जातात. त्याचा डुप्लिकेट म्हणजे कवड्या, एकदम बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. लांबीला तो दीड-दोन फूट. भिंतीवर सरसर चढतो, म्हणून घरात सापडतो आणि मण्यार समजून मार खातो. घोणशीचे डुप्लिकेट दोन, अजगराचं पिल्लू आणि दुरक्या घोणस. दोघांच्याही पाठीवर ठिपके नसतात, वेडेवाकडे डाग असतात. धामण तर फक्त लांब आणि चपळ असण्याची शिक्षा भोगते. उंदीर खाऊन धान वाचवणारी ही बाई, आणि नाग समजून तिलाच काठ्या.

फ्लेक्सवरचे पाहुणे

जूनच्या अखेरीस फोटोंचा पेन ड्राइव्ह घेऊन मी गावी गेले. प्रिंट कुठे काढायच्या यावर ताईचं उत्तर तयार होतं. फ्लेक्सवर! पावसात भिजत नाही, स्वस्त पडतं आणि मुख्य म्हणजे साप हवा तेवढा लांब छापता येतो. गोंदियातल्या फ्लेक्सवाल्याने फाइल उघडली, जरा वेळ बघितली आणि सवयीने विचारलं, "शुभेच्छुक कोण टाकायचं?"

ताईने प्रत्येक साप खऱ्या मापाचा छापून घेतला. मण्यार तीन फुटी, म्हणजे फ्लेक्सवरही तीन फुटी. शेजारी दीड फुटाचा कवड्या. नाग, घोणस, सहा फुटांची धामण. पूर्व विदर्भात काळ्या-पिवळ्या जाड पट्ट्यांचा पट्टेरी मण्यारही आढळतो, त्याची एक मोकळी जागा तिने फक्त नाव लिहून ठेवली, "पुढच्या वर्षी काढून आणजो." सगळे फ्लेक्स व्हरांड्यात दोरीला टांगले, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

मुलांनी पहिल्या दहा मिनिटांत सगळे साप ओळखले, निम्मे माझ्याआधी. मग संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या बायका थांबायला लागल्या. चिखलाचे पाय, डोक्यावर टोपली. दुरूनच हसत बघायच्या, एकमेकींना ढकलायच्या, मग जवळ यायच्या.

एक मावशी मात्र हसली नाही. ती सरळ मण्यारसमोर जाऊन उभी राहिली. ताईने माझा हात दाबला.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात या मावशीची मुलगी गेली. एकोणीस वर्षांची. घरात सतरंजी टाकून खालीच झोपली होती. पहाटे उठली ती पोटात दुखतंय म्हणून. अंगावर कुठे सूज नाही, रक्त नाही, आग नाही. ओवा दिला, शेक दिला. उजाडेपर्यंत तिच्या पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. मग कुणी म्हणालं बाहेरचं काही असेल. दवाखान्यात पोचेपर्यंत फार वेळ झाला होता.

मण्यारचा दंश असाच असतो. दुखतही नाही, खूण मुंगी चावल्याइतकी, कधी तीही नाही. रात्री उबेला आलेला हा साप झोपलेल्या माणसाला चावतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पोटदुखी, मग पापण्या, मग श्वास.

मावशीने फ्लेक्सवर हात ठेवला. डोक्यापासून शेपटीपर्यंत वीत-वीत मोजत गेली. चार विती भरल्या.

"एवढासाच?" ती म्हणाली.

कुणी काही बोललं नाही. मग तिच्यासोबतची एक तरणी बाई, कडेवर पोर घेतलेली, हळूच म्हणाली, "आमी तं सगळे खालीच निजतो." ताई एवढ्याचीच वाट बघत होती. तिने तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. खाट नसली तर नसली, मच्छरदाणी तर घरात आहे ना? ती लावायची आणि कडा चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचायच्या. रात्री बाहेर जाताना हातात बॅटरी. तणसात, सरपणात हात घालायच्या आधी काठीने हलवायचं. पहाटे विनाकारण पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर ओवा नाही, दवाखाना.

तो सगळा व्हरांडा मुकाट्याने ऐकत होता. माझ्या फोटोंना यापेक्षा चांगलं ऑडियन्स मिळालेलं नाही आणि त्यातल्या एकीनेही फोटो छान आलाय असं म्हटलं नाही. एडिटर म्हणेल ते म्हणो, मला ते फारच आवडलं.

आपला काय संबंध?

सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्याला हे कशाला, असं वाटेल. तर हे आकडे बघा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आणि बहुतेक खेड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं त्याचं उद्दिष्ट आहे. आराखडे दिल्लीत होतात, पण पहाटे चारला ओवा द्यायचा की गाडी काढायची हे घरात ठरतं. आणि आपल्यापैकी निम्म्यांचं ते घर अजून गावाकडे आहे. आई-बाबा, काका-काकू, आजी तिथेच आहेत.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. हे ओळखणं-बिळखणं चावायच्या आधीचं आहे. कोणाला मारायचं नाही, कशापासून जपायचं, हे कळण्यासाठी. एकदा चावला की साप कोणता हे शोधण्यात मिनिटही घालवायचं नाही. त्याला पकडायचं नाही, मारून दवाखान्यातही न्यायचं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच औषध दिलं जातं आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. दोरीने आवळणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं हे फक्त सिनेमात शोभतं. चावलेला हात किंवा पाय फ्रॅक्चर झाल्यासारखा न हलवता ठेवायचा, अंगठी-पैंजण काढायचं, माणसाला चालवायचं नाही आणि १०८ ला फोन करून सर्पदंशाचं औषध असलेल्या जवळच्या दवाखान्यात न्यायचं.

जाणार असाल तर...

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. बाकी दिवशी गेट उघडायच्या वेळेलाच पोचा. गर्दी कमी आणि साप जागे असण्याची शक्यता जास्त. गडद रंगाचे कपडे घाला. सोबत एक मऊ फडकं ठेवा, आपल्या बाजूची काच पुसायला. फणा, जीभ, डोळे यांचे फोटो जरूर काढा, ते सुंदरच असतात. पण प्रत्येक सापाचा एक फोटो ताईच्या पद्धतीने काढा, वरून, पूर्ण पाठीचा, आणि शेजारचं भांडं किंवा वीट फ्रेममध्ये राहू द्या.

आणि मग तो एक फोटो, 'हा मण्यार, साधारण तीन फूट, चावला तरी दुखत नाही' एवढं लिहून, गावच्या फॅमिली ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये एखादा साप खपून जातो.